बाहेर जाण्याचे नियम

नोव्हेंबर आला की मला राग येतो.

तसं पाहिलं तर सिंगापूरच्या नोव्हेंबरात चिडावं असं काही नाही. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. दुपार कलली की आभाळ अंधारून येतं, समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांमधून बाहेर काढलेल्या बांबूंवरचे कपडे भराभर आत ओढले जातात, मग पाऊस धो धो कोसळतो आणि तासाभरात सगळं धुऊन पुसून लख्ख. लिटल इंडियातल्या भाजीवाल्याकडे सीताफळं येतात, प्रत्येक फळाला पांढरी जाळीची टोपी, जणू कुणी परदेशी पाहुणा सर्दी होईल म्हणून जपलेला. मी एखादं उचलते, अंगठ्याने दाबून बघते, आणि डोक्यात तिडीक जाते.

त्यात आमच्या मराठी वॉकिंग ग्रुपची ईमेल येते. चला निसर्गात! खाली सूचना असतात. एकट्याने जाऊ नये. अंधारात पायवाटेला लागू नये. माकडांना खायला देऊ नये. दाट झाडीत शिरू नये. सगळ्या सूचना बरोबर आहेत. त्यात एकही शब्द खोडण्यासारखा नाही, आणि माझा सगळा राग नेमका तिथेच अडकून बसलेला आहे.

ज्या नोव्हेंबरने हा राग मला दिला, त्याला आता चार-पाच वर्षं झाली. त्या वर्षी माझी गोदामावशी आमच्याकडे आली होती.

गोदामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण; आईचं माहेर आणि सासर एकाच वाड्यातलं. तेव्हा ती पंचेचाळिशीच्या आतबाहेर होती, पण लोक तिला म्हातारी समजायचे, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघून वयाचा अंदाज करायची कुणाची छाती व्हायची नाही. डावा डोळा नाही. डाव्या गालाचं कातडं कानाकडे ओढून शिवल्यासारखं. त्या बाजूला कपाळाच्या वर केस नाहीत, म्हणून पदर नेहमी डोक्यावरून घेतलेला आणि दातांत धरलेला. ती हसली की अर्धाच चेहरा हसतो. लहानपणीच मला त्याची इतकी सवय झाली, की तिचं आधीचं पूर्ण हसणं मी विसरले. मला तिनेच वाढवलं. आई-बाबा रोजाने कामाला जायचे, आणि मावशी घरी असायची. ती घरी का असायची, तिचं लग्न का झालं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे, बुलढाणा जिल्ह्यात. गावाच्या शेवटाला आमचा बौद्धवाडा, वाड्याच्या मागे गायरान, गायरानाच्या मागे डोंगर. दिवाळीच्या सुमाराला सगळा उतार सीताफळांनी लगडतो. डोळे उघडलेलं, हिरवट पांढरं फळ दोन हातांनी फोडलं की आतून जो वास येतो, तो माझ्या लेखी थंडीचा वास आहे. त्याच फळासाठी डोंगरातून अस्वलं खाली येतात. रात्रभर खातात आणि उजाडायच्या आत परत चढतात.

आणि उजाडायच्या आतच वाड्यातल्या बाया बाहेर जायच्या.

'बाहेर जाणं' या शब्दांना आमच्याकडे एकच अर्थ होता. हातात टमरेल, डोक्यावर पदर, खाली मान. पुरुष कधीही जायचे. बायांना दोनच वेळा: उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर. मधल्या वेळात पोट दुखलं तर ते दुखू द्यायचं. कमी पाणी प्यायचं, रात्री कमी जेवायचं. मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत हे सगळं शिकले होते, पाढे पाठ होण्याच्या आधी.

मी आठ वर्षांची झाले त्या वर्षी मावशी अठराएक वर्षांची होती. तिचं लग्न ठरलं होतं. एका पहाटे तिचं पोट बिघडलं. बायांचा घोळका जाऊन आला होता, तिला पुन्हा जावं लागलं. एकटी गेली. सीताफळीच्या दाट झुडपाआड बसली. पलीकडच्या अंगाला अस्वलीण होती, पाठीवर पिल्लू. दोघी एकमेकींना दिसल्या नाहीत. दिसल्या तेव्हा मधे हातभर अंतर होतं.

मला आठवतं ते पुढचं. वाड्यातले लोक काठ्या, कुऱ्हाडी, पेटते टेंभे घेऊन ओरडत पळाले तो आवाज. बाजेवर आणलेली, गोधडीत गुंडाळलेली आकृती, आणि त्या गोधडीचा रंग. बैलगाडी. आईचा चेहरा. मग घर रिकामं झालं आणि दुपारी कुणीतरी मावशीचं टमरेल आणून ओट्यावर ठेवलं. एका बाजूने चेपलं होतं. संध्याकाळी आजीने ते राखेने घासलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाड्यातल्या सगळ्या बाया त्याच वाटेने बाहेर गेल्या. दुसरी वाटच नव्हती.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला, "एकटी कायले गेल्ती?" काही जणांनी त्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं: कुणाला भेटायला गेली असेल. नवऱ्या मुलाकडची माणसं एकदा येऊन बघून गेली. चहा प्यायली. नंतर आली नाहीत.

असा माझ्या घरातला माणूस. शिकून मी इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली, मग इथे आले. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत आहे, चिप तपासण्याच्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून काम करते. पहिल्या पगारापासून घरी संडास बांधायचा म्हणत होते. जागा नव्हती. वाड्यात घराला घर चिकटलेलं, खड्डा खणायला हातभर जमीन नाही. मागचं गायरान कुणाचं, गावाचं की जंगलाचं, याचा निकाल लागत नव्हता, आणि निकाल लागेपर्यंत तिथे वीट ठेवायची नाही असं बाबांना चावडीवर सांगितलं होतं. गावात सरकारी संडास झाले, तेही वेशीपाशी, आमच्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला. त्यात पुढे कुणीतरी कडबा भरला.

मावशी आली ती साक्षीच्या सुट्टीत. साक्षी माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिने आधी टक लावून पाहिलं, मग सरळ जाऊन विचारलं, "आजी, डझ इट हर्ट?" मी भाषांतर केलं. मावशी म्हणाली, "थंडीत दुखते. इथं थंडी नाही, तर नाही दुखत." एवढ्यावर दोघींचं जमलं. बाहेरचं जग इतकं सरळ नव्हतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोरची बाई जागा बदलायची. लिफ्टमध्ये शेजारचा म्हातारा चिनी काका छताकडे बघायचा. मावशीला त्याचं काही नव्हतं, तिचं आयुष्यच त्यात गेलं होतं. दात मात्र माझे आवळले जायचे.

आमच्या फ्लॅटमध्ये दोन संडास आहेत. मावशीने पहिल्या दिवशी दोन्ही पाहिले, दोन्हींच्या कड्या लावून काढून पाहिल्या. मग तिला एक नाद लागला. भर दुपारी, जेवणं झाली की ती आत जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. साक्षी कंटाळून म्हणायची, "आजी, व्हाय सो लाँग वन? कम आउट, लाह!" मी एकदा काळजीने विचारलं, पोट बिघडलंय का. मावशी लाजली. म्हणाली, "नाही व माय. तशीच बसतो. दुपारची. कोनी येत नाही."

आमच्याकडच्या बाया 'मी बसतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्याचं हसू येतं. मला त्या दिवशी हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

साक्षीने हट्ट धरला म्हणून आम्ही प्राणिसंग्रहालयात गेलो. अस्वलांकडे जायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, पण मावशीनेच पाटीवरचं चित्र ओळखलं. "चाल. पाहू दे मले." काचेपलीकडे एक छोटं, काळं, छातीवर पिवळी चंद्रकोर असलेलं अस्वल लाकडाच्या ओंडक्यावर पोट टेकून झोपलं होतं. आमच्याकडच्यापेक्षा फारच लहान. मावशी एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली. माझी अपेक्षा होती, आणि ती अपेक्षा शिकलेल्या माणसाची होती, की आता ती काहीतरी क्षमाशील बोलेल; मुक्या जिवाचा काय दोष, असं काहीतरी. ती म्हणाली, "मले याचा राग येते. अजून येते." मग मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे दगडांची एक गुहा केली होती, तोंडाशी हिरवी झुडपं लावली होती. "ते काय हाय?"

"त्याला कुणी बघू नये असं वाटलं तर आत जाऊन बसायची जागा आहे."

मावशी काचेच्या कडेकडेने गुहा नीट दिसेल तिथपर्यंत गेली. मग म्हणाली, "याले आडोसा हाय."

तिथून निघून आम्ही आइस्क्रीम खाल्लं. बाकी काही करण्यासारखं नव्हतं.

आणि मग तो शनिवार. वॉकिंग ग्रुपचा शिरीष कॅनडाला जाऊन आला होता. शिरीष एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, मूळ पुण्याचा, उत्साही, मदतीला धावणारा, कुणाचं सामान हलवायचं असलं की पहिला हजर. वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने बेडोकच्या बाजूला, त्याच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये स्लाइड शो ठेवला होता. विषय, अस्वलांच्या प्रदेशात भटकंती. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मी जाणार नव्हते. मावशी म्हणाली, "अस्वलाचं सांगू रायला म्हन्ते ना? मग जाऊ ना."

बाहेर पाऊस लागला होता. हॉलमध्ये एसीचा गारवा, पावभाजीचा वास, मुलांची पळापळ. पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं, लाल तंबू, आणि शिरीष टोपी घालून. तो बोलत होता छान. अस्वल माणसाच्या अंगावर बहुतेक वेळा घाबरून येतं, म्हणाला. त्याला दचकवू नका. चालताना बोला, गा, टाळ्या वाजवा. चौघा-पाचांनी मिळून जा. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडू नका. फळांनी लगडलेल्या झुडपांपासून लांब राहा. पिल्लू दिसलं तर आई जवळच आहे असं धरून चाला. दिसलंच तर पळू नका, त्याच्याकडे पाठ करू नका, हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथे पडा, हात मानेमागे बांधा. मावशी पुढे झुकून ऐकत होती. शेजारी मी होते म्हणून मला तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, "खरं सांगू रायला. खरं हाय."

शेवटी प्रश्नोत्तरं. कुणीतरी शिरीषच्या कानाशी लागलं आणि त्याने आमच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला; खरंच उजळला. "मावशी? तुमच्यावर प्रत्यक्ष…? अहो, मग तुम्हीच खऱ्या पाहुण्या! या ना पुढे." मी तिचा हात धरायच्या आत ती उठलीही होती. सगळ्या हॉलसमोर, दिव्याच्या झोतात, पदर दातांत धरून उभी राहिली. त्याने तिच्यापुढे माईक धरला.

"साधारण वेळ कुठली होती, मावशी?"

"उजाडलं नव्हतं."

"सोबत कोण होतं?"

"कोनी नाही. एकटी."

"बोलत, गात वगैरे चालला होतात?"

"नाही, बाप्पा. चूप."

"आणि जागा? मोकळी, की झाडी?"

"झाडी. सीताफळीची."

शिरीष आमच्याकडे वळला. त्याचा आवाज शिकवणीतल्या सरांसारखा झाला होता. "बघितलंत? पहाट. एकटं. आवाज नाही. आणि फळांची झाडी. म्हणजे आपण आत्ता जे जे करू नका म्हणालो, ते सगळं!" लोक हसले. दुष्टपणे नाही, हसायची जागा आहे असं वाटून हसले. तोही हसत तिच्याकडे वळला. "पण मावशी, एवढ्या अंधारात एकट्या, कशाला पण?"

एकटी कायले गेल्ती? तोच प्रश्न. समुद्र ओलांडून, टाय लावून आलेला.

"परसाकडे," मावशी म्हणाली. तिला वाटलं माईकमध्ये नीट गेलं नाही, म्हणून जरा मोठ्याने सांगितलं, "टमरेल घेऊन गेल्ती, बाप्पा."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मोठ्यांना कळलं आणि त्यांनी आपापल्या ताटल्यांकडे पाहिलं. एका मुलाने आईला विचारलं, आईने हळूच सांगितलं, आणि तो "ईऽऽ!" म्हणून इतर मुलांना सांगायला धावला. खिदळणं पसरत गेलं. साक्षी माझ्याकडे बघत होती. तिला टमरेल हा शब्द माहीत नव्हता. मी तिला तो कधी शिकवलाच नव्हता.

मी उठले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ती खरंच पायांपासून चढते.

"शिरीष, तिने एकही नियम मोडला नाही," मी म्हणाले. माईक नसतानाही माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. "उजेडात बाईने जायचं नाही, हा नियम. आवाज करायचा नाही, हा नियम. कुणाला दिसायचं नाही, झाडीच्या आड बसायचं, हा नियम. आमच्या लोकांनी गावाच्या बाजूला जायचं नाही, डोंगराच्या बाजूला जायचं, हाही नियमच. तिने सगळे पाळले. पाळले म्हणून हे असं झालं. तुम्ही बॅगा भरून, विमानाची तिकिटं काढून बाहेर जाता. आमच्याकडे बाहेर जाणं ही हौस नाही."

आणखीही बोलले. सगळं आठवत नाही. कुणाचा तरी हात माझ्या खांद्यावर आला, "सुजाता, इट्स ओके, तो काही मुद्दाम नाही बोलला." मुद्दाम नाही बोलला हे मला माहीत होतं. मुद्दाम कुणीच काही करत नाही. आजवर आमच्याशी मुद्दाम कुणी काही केलंच नाही. सगळं आपोआप होत आलंय. मग कुणीतरी म्हणालं, "चला, पाव गार होतायत," आणि खुर्च्या सरकल्या.

एमआरटीत मावशी माझ्याकडे पाठ करून दारापाशी उभी राहिली. मला वाटलं, तिला लागलं असेल. घरी आल्यावर मी पाणी दिलं, तर तिने पेला बाजूला ठेवला.

"तू कायले उठली?"

"अगं, ते हसत होते तुला."

"हसू दे. माझ्या तोंडाले लोक काय आज हसू रायले?" तिचा चांगला डोळा लाल झाला होता, आणि तो राग माझ्यावर होता. "मले त्याले इचारायचं होतं. त्याले अस्वलाचं कळते. तू मंधात उठली, अन् सगळे जेवाले गेले."

"काय विचारायचं होतं?"

"तो म्हन्ते आवाज करा. आपल्या वाड्यातल्या पोरी अजून जातात का नाही? मी त्याहिले काय सांगू? आवाज केला त गावातले टवाळ पोरं येतात. नाही केला त अस्वल येते. कोनतं येऊ द्यायचं? ते इचारायचं होतं मले."

मी तिच्यासमोर बसून राहिले. खिडकीबाहेर एक्सप्रेसवेवरच्या ओल्या टायरांचा आवाज येत होता. त्या हॉलमध्ये ऐकण्यासारखा एकच प्रश्न होता आणि तो कुणी ऐकला नव्हता. हसणाऱ्यांनी नाही आणि मीही नाही. पण त्यावरून मला माझा राग खोटा वाटला नाही. तो जरा खाली उतरून, पोटात जाऊन बसला, इतकंच.

दोन-तीन दिवसांनी शिरीष घरी आला. पावसात भिजला होता, हातात मिठाईचा डबा. दारातच म्हणाला, "मावशी, चुकलो. मला सुचलंच नाही." मी त्याला बस म्हणाले नाही. मावशीने सांगितलं, "बस, बाप्पा," आणि तो बसताक्षणी तिने आपला प्रश्न विचारला, जसाच्या तसा.

शिरीषने लगेच उत्तर दिलं नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. तो कपाळ चोळत राहिला. म्हणाला, पाच-सहा जणींनी मिळून गेलं तर? मावशी म्हणाली, पोट का सगळ्याईचं एकदम दुखते? म्हणाला, कंदील? मावशी म्हणाली, उजेड दिसला म्हन्जे पोरं येतात. घंटी? शिट्टी? तेच. एक तास तो आपल्या कॅनडाच्या शिदोरीतली एकेक वस्तू काढत होता आणि ती एकेक परत ठेवत होती. शेवटी तो म्हणाला, "मग याला काही नियम नाही, मावशी. घराजवळ संडासच पाहिजे."

"हे त्या दिवशी भोंग्यात सांगायचं होतं," मावशी म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली.

शिरीष चांगला माणूस आहे हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झालं. पुढच्या नोव्हेंबरात त्याची ईमेल आली. चला निसर्गात. एकट्याने जाऊ नये. अंधारात पायवाटेला लागू नये.

मावशी डिसेंबरात परत गेली. जाताना साक्षीने तिला आपली शाळेची शिट्टी दिली, अस्वलासाठी. मावशीने ती पिशवीत ठेवली.

पुढच्या सीताफळांच्या दिवसांत आईचा फोन आला. वाड्यातली एक मुलगी, दहावीतली, पहाटे गेली होती. हातावर निभावलं, दंडाचं मांस गेलं, चेहरा वाचला. आई हे सांगताना 'चेहरा वाचला' दोनदा म्हणाली. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. अंगावर पांढरा झगा, डोक्यावर टोपी, हातांत मोजे. आमच्या खोलीत धुळीचा कण जाऊ नये म्हणून केवढी व्यवस्था! मी भिंतीवर मूठ आपटली. मोज्यामुळे आवाजही झाला नाही.

मग पंधरवड्याने दुसरा फोन. गावात सरकारी माणसं येऊन गेली. मुलीच्या घरी गेली, हळहळली. आणि वाड्यामागच्या गायरानात, जिथे आमची वीट ठेवायची नव्हती, बरोबर तिथे दोन लोखंडी खांब पुरून एक भली मोठी पत्र्याची पाटी लावून गेली. पिवळ्यावर काळी अक्षरं आणि अस्वलाचं चित्र. सावधान. अस्वलांचा वावर. पहाटे व सायंकाळी एकट्याने बाहेर जाऊ नये.

"पाटी लावायला जमिनीचा निकाल लागला का?" मी ओरडले.

"माझ्यावर कायले ओरडतं?" आई म्हणाली. "तुझी मावशी बी तेच म्हनू रायली."

यापुढचं मी पाहिलेलं नाही, आईकडून ऐकलेलं आहे. मावशी वाड्यातल्या प्रत्येक घरी गेली. काय बोलली ते आईलाही नीट सांगता येईना, कारण मावशी फार बोलत नाही. तिने नुसता पदर खाली घेऊन चेहरा उघडा केला, असं आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी भर उजेडात, सगळ्या गावाला दिसेल अशा, वाड्यातल्या बाया कुदळी-फावडी घेऊन गायरानात उतरल्या. खड्डा खणला. वर फरश्या टाकल्या. चारी बाजूंनी तुराट्यांचे कूड उभे केले, शेणामातीने लिंपले. चावडीवरून माणसं आली, आरडाओरडा झाला, गायरानाचं नाव निघालं, पोलिसांचं नाव निघालं. बाया लिंपत राहिल्या. दाराला काही मिळेना. मग त्यांनी खांबांवरची पाटी उतरवली. मापात थोडी मोठी होती, वरच्या अंगाला कापली. बिजागऱ्या लावल्या, आतून कडी बसवली.

पाटी गायब झाल्याचं कळल्यावर जंगलातला गार्ड आला. तरुण होता, मोटारसायकलवर, घाम पुसत. सरकारी मालमत्ता कोणी काढली म्हणून वाड्यात चौकशी करत फिरला. कुणी काही सांगेना. फिरत फिरत मागे आला, आणि त्याला पाटी दिसली. कुडाच्या मधोमध, अस्वलाच्या चित्रासकट, सरळ उभी. जवळ जाऊन त्याने वाचून पाहिली, पहाटे व सायंकाळी एकट्याने, आणि मग चिडून त्या पत्र्यावर हाताने धाडधाड वाजवलं.

भर दुपार होती. आतून गोदामावशीचा आवाज आला, काही घाई नसलेला.

"थांब, बाप्पा. आत माणूस हाय."